मॅडम, ह्यानं मला मारलं!

परिपाठ संपतो, मुलं वर्गात येऊन बसतात आणि मी हजेरीपट उघडते. पहिलं नाव घ्यायच्या आत पहिली तक्रार हजर. ‘मॅडम, ह्यानं माझी पेन्सिल घेतली.’ तिच्या मागे दुसरी उभीच. ‘मॅडम, ही मला चिडवतीय.’ ‘मॅडम, ह्यानं मला मारलं.’ ‘मॅडम, हा माझ्याकडं बघतोय.’ नुसतं बघणं हीसुद्धा तक्रार असते बरं का! एके दिवशी मी गंमत म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात खडूने रेघा ओढत गेले. खिचडीच्या सुट्टीपर्यंत एकेचाळीस रेघा झाल्या. वर्गात मुलं सत्तावीस!

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात, एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे. म्हणजे एका बाजूला ‘क’ला काना ‘का’ आणि दुसऱ्या बाजूला हातच्याची बेरीज. एकाच वेळी, एकाच फळ्यावर, मधे रेघ मारून. फळ्यावर रेघ मारता येते, मुलांच्या मधे कशी मारणार? पहिलीची मुलं बेरजेची उत्तरं ओरडून सांगतात आणि दुसरीची मुलं पहिलीच्या चित्रात रंग भरून मोकळी होतात.

‘तुम्हाला काय बाई, अकरा ते पाच नोकरी आणि मे महिन्याची सुट्टी,’ असं आमच्या शेजारच्या वहिनी मला दर उन्हाळ्यात ऐकवतात. मी हसते. पाच मिनिटं एकटीने सत्तावीस मुलं शांत बसवून दाखवा, असं मनात येतं, पण शेजारधर्म आड येतो.

मी नोकरीला लागले 2003 साली. तेव्हा आधी तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढावी लागायची, महिन्याला तीन हजार रुपये मानधनावर. डी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्र होतं. पाठ टाचण कसं काढायचं, शैक्षणिक साहित्य कसं करायचं, सगळं होतं. पण दोन मुलं एकमेकांच्या झिंज्या धरून लोळत असतील, तिसरं उलटी करत असेल, चौथं दारातून पळून शेळीमागे गेलं असेल, तर आधी कुणाकडे धावायचं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. शाळेत रुजू झाले त्या दिवशी चौथीतल्या एका मुलाने मला निरगुडीची छडी आणून दिली. सोलून, गुळगुळीत करून. नव्या मॅडमना भेट! आणि पालक? एक आजोबा नातवाला हाताला धरून घेऊन आले आणि म्हणाले, ‘हात-पाय तेवढे मोडू नका मॅडम, बाकी काय बी करा.’

मी त्या छडीने मारायचे. खोटं कशाला सांगू? फार नाही, हातावर एखादी. बहुतेक वेळा टेबलावर आपटली तरी काम व्हायचं. आम्हीही तसाच मार खाऊन शिकलो होतो. त्यात काही चुकतंय असं वाटायचंसुद्धा नाही. शिक्षण हक्काचा कायदा 2009 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमात मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रशिक्षणात आम्हाला ते वाचून दाखवलं. चहाच्या वेळी सगळ्यांचा एकच सूर, ‘आता पोरं डोक्यावर बसणार.’ माझाही तोच. परत आल्यावर छडी टेबलावरून उचलून कपाटाच्या मागे ठेवली, एवढाच काय तो फरक. कपाटामागे हात घातला की सापडेल अशी.

आता मला ज्याच्याबद्दल सांगायचंय त्याच्याकडे येते. त्याचं नाव लिहीत नाही. वर्गातली मुलं त्याला ‘भिंगरी’ म्हणायची, मीही इथं तेच म्हणते.

भिंगरी दुसरीत होता. अंगाने बारीक, चड्डीला बटणाऐवजी सुतळी. पहिलीत असताना चारचौघांसारखाच होता. पण 2011 सालच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली आणि ह्या पोराच्या अंगात जणू काही संचारलं. दोन मिनिटं एका जागी बसेल तर शपथ. येता-जाता एखाद्याला चिमटा, एखादीची वेणी ओढ. मुलांच्या चपला उचलून पत्र्यावर फेकायच्या, हा तर रोजचा खेळ. मग सगळा वर्ग अंगणात, मान वर करून, आणि आमचे गुरुजी लांब काठी घेऊन चपला पाडतायत. गुरुजी तिसरी-चौथीला शिकवायचे आणि मुख्याध्यापकही तेच. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. चपला पाडून झाल्या की ते माझ्याकडे फक्त बघायचे.

मी समजावलं. कोपऱ्यात उभं केलं. खिडकीशी एकटं बसवलं. खिडकीशी बसवल्यावर तो खिडकीतून पळाला.

आणि मग तो दिवस. नोव्हेंबर संपत आला होता. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची, तिला रात्रभर ताप. रजा घ्यावी तर केंद्रप्रमुख भेटीला यायचे होते, कागदपत्रं सगळी माझ्याकडे. पहाटे पाचला उठून पोळ्या लाटल्या, ह्यांचा डबा भरला, सासूबाईंना औषधाच्या वेळा तीनतीनदा सांगितल्या. मुलीने माझ्या पदराला घट्ट धरून ठेवलं होतं. एकेक बोट सोडवून निघाले. स्कूटीवरून चौदा किलोमीटर, त्यातला शेवटचा रस्ता कच्चा. वर्गात पोचले तेव्हा डोकं ठणकत होतं.

बारा वाजता मी खिचडीची नोंदवही पूर्ण करत होते. भिंगरी कुणाच्या तरी मागे पळत आला, टेबलाला धडकला आणि पाण्याची बाटली नोंदवहीवर आडवी झाली. महिन्याभराची शाई पसरली. छडी शोधायलाही मी उठले नाही. होता तिथेच त्याला धरला आणि एक थोबाडीत दिली. जोरात. तशी मी आजवर कुणालाच मारली नव्हती.

तो रडला नाही. हसला. ओठ थरथरत होते, पण हसत होता. आणि मग त्याच्या पायाशी ओलं झालं. पाण्याच्या बाटलीचं नव्हे. एका मुलीने ते बघितलं, ती खिदळली, मग सगळा वर्ग हसायला लागला. मी सगळ्यांवर ओरडले. ओरडताना माझं लक्ष त्याच्या गालाकडे गेलं. चार बोटं उठली होती.

केंद्रप्रमुख आले, चहा घेतला, ‘वर्ग शांत आहे’ असा शेरा देऊन गेले. खरंच शांत होता वर्ग. संध्याकाळी घरी आले, मुलीचा ताप उतरला होता. ती माझ्या मांडीवर येऊन बसली, माझा हात घेऊन आपल्या गालावर ठेवला. तोच हात. मला तो तिथे ठेवून घेववेना.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. खरं सांगायचं तर काळजीपेक्षा भीती जास्त होती. कुणी तक्रार केली तर? कायदा आठवत होता, आता मात्र कलमासकट.

घरात फक्त त्याची आजी होती. आमच्या भागात हे नवीन नाही. इथलं निम्मंअधिक गाव दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीला जातं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडायची तर दोघांनी जायलाच हवं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळ्या, तान्ही मुलं घालून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. तिथे पाचटाची कोपी करून राहायचं, पहाटे अंधारात फडात उतरायचं. परत येतात ते मार्च-एप्रिलमध्ये. काही मुलं बरोबर जातात, शाळा बुडते. काही म्हाताऱ्या माणसांजवळ मागे राहतात. मागे राहणाऱ्यांसाठी आमच्याकडे हंगामी वसतिगृहं निघाली, गावातच मुलांच्या जेवणाखाण्याची सोय होते. पण त्या वर्षी आमच्या वस्तीवर ते नव्हतं.

हे सगळं मला माहीत होतं. माझ्या हजेरीपटात दरवर्षी दिवाळीनंतर ‘स्थलांतरित’ असा शेरा मीच लिहायचे. पण जी मुलं मागे राहिली ती हजर आहेत ना, मग झालं, असाच माझा हिशेब.

आजीने मला घोंगडी टाकून दिली. म्हणाली, ‘बसा मॅडम. पोरगं रानात गेलंय सरपणाला. मारलं म्हणून येत नाय असं नाय ओ. तुम्ही मारलं ते त्याच्या भल्यासाठीच की.’ मला वाटलं होतं म्हातारी भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती पुढे बोलत राहिली. ‘धाकली ल्हान हाय म्हणून मायनं संगं नेली. ह्याला ठिवला शाळंसाठी. टॅक्टर निघाला तवा मागं पळत गेला, पार फाट्यावर. आता रातचं उठतंय, दारात जाऊन बसतंय. म्हणतंय, टॅक्टर वाजला. कुठला आलाय टॅक्टर!’

सात वर्षांचं पोर! रात्री दारात बसून ट्रॅक्टरची वाट बघणारं मूल सकाळी अकराला माझ्यासमोर हाताची घडी घालून बसावं, अशी माझी अपेक्षा. नाही बसलं म्हणून चार बोटं.

तो सरपणाचा भारा घेऊन आला. मला बघून दारातच थबकला. भारा टाकून पळेल असं वाटलं. मी म्हटलं, ‘उद्या शाळेत ये. मी मारणार नाही.’ तो काहीच बोलला नाही. आजीच म्हणाली, ‘यील, यील.’

आला. दहा वाजताच येऊन बंद दारापाशी बसला होता. परिपाठ झाल्यावर मी वर्गासमोर उभी राहिले आणि म्हटलं, ‘परवा मी ह्याला मारलं. माझं चुकलं.’ मैत्रिणींनो, हे चार शब्द म्हणायला मला रात्रभर तयारी करावी लागली होती. शिक्षकाने मुलांसमोर चूक कबूल केली की मान जाते, असंच आम्ही ऐकत आलेलो. वर्ग एकदम गप्प. मग मागून एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, ‘मग मॅडम, कपाटामागची छडी पण टाका.’ म्हणजे त्यांना ठाऊक होतं! छडी काढली आणि खिचडी करणाऱ्या मावशींकडे दिली. मावशींनी ती चुलीत सारली. निरगुडीचा वास सुटला होता, अजून आठवतो.

गोष्ट इथे संपवली असती तर छान झाली असती. पण शाळा दुसऱ्या दिवशीही भरते. गुरुजी म्हणाले होते, ‘मॅडम, आठ दिवसांत डोक्यावर बसतील.’ चुकीचं म्हणाले. चार दिवसांतच बसली. मार नाही हे कळल्यावर वर्गाचा बाजार झाला. मी ‘शांत बसा’ म्हणून घसा फोडायचे, माझ्या आवाजावर त्यांचा आवाज. डिसेंबरमध्ये घसा पूर्ण बसला, पर्समध्ये ज्येष्ठमधाची पुडी कायमची आली. एका वडिलांनी दोन्ही मुलं काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली. म्हणाले, ‘तिथं शिस्त असते. तुम्ही मारत नाही, पोरं ऐकत नाहीत.’ दोन पट कमी झाले. कमी पटाच्या शाळेत शिक्षकाला दोन मुलं जाणं म्हणजे काय, ते शिक्षकालाच कळतं. गुरुजी मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण त्या रात्री मी छडी मनातल्या मनात परत आणली होती.

मग मी गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ पुन्हा वाचायला काढलं. डी.एड.ला वाचलं होतं ते परीक्षेपुरतं. मूळ गुजराती पुस्तक, 1932 सालचं. त्यातला मास्तर पहिल्याच दिवशी मोठ्या उमेदीने मुलांना शांततेचा खेळ घेतो आणि मुलं त्याची पार फजिती करतात! हे मी साफ विसरले होते. वाचून इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. गिजुभाईंच्या मास्तरची फजिती होते तिथे माझी काय कथा? तो मास्तर पुढे मुलांना गोष्टी सांगायला लागतो आणि गोष्टीने वर्ग बांधला जातो. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे उभं केलं, तेही गिजुभाईंच्याच वाटेने. ताराबाई भावनगरला त्यांच्याबरोबर काम करून आलेल्या होत्या.

मी गोष्ट सुरू केली. परिपाठानंतर लगेच, हजेरीच्याही आधी. रोज थोडी सांगायची आणि ऐन रंगात आली की थांबायचं. ‘मॅडम, पुढं काय?’ ‘पुढचं खिचडीनंतर.’ ही युक्ती आमच्या आजीची, ती आम्हाला अशीच गोष्ट अर्धी ठेवून दळणाला पाठवायची. गोष्टीची वेळ झाली की वर्ग आपणहून गप्प होऊ लागला. मी आवाज मुद्दाम खाली आणला. आपण आवाज चढवला की मुलं चढवतात, आपण हळू बोललं की ती कान देतात. हे समजायला मला आठ वर्षं आणि एक घसा लागला. सहा-सात वर्षांचं मूल पंधरा मिनिटांच्या वर एका जागी बसत नाही, तर त्याला बसवायचा हट्ट सोडला. पाढे उभ्याने, उड्या मारत. बेरीज अंगणात, चिंचोके घेऊन.

आणि तक्रारींचं काय? त्यासाठी एक वही केली. शंभर पानी, वर दोरा बांधून पेन्सिल लटकवलेली. ज्याला तक्रार करायची त्याने वहीत लिहायची, शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या अर्ध्या तासात ती सगळ्यांसमोर वाचायची. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढायचं. पहिल्या आठवड्यात एका पोराने पानभर मोठा दात काढला होता, त्याला कुणीतरी चावलं होतं! दुसरीतल्या एकीने लिहिलं, ‘तीने माझी चिच खाली.’ चिंचेवर अनुस्वार नव्हता, पण वाक्य पूर्ण होतं. वर्षभर शुद्धलेखनाच्या वहीत जिने एक ओळ धड लिहिली नव्हती, तिने चिंचेसाठी लिहिली. शनिवार उजाडेपर्यंत निम्म्या तक्रारी लिहिणाराच विसरलेला असायचा. ‘मॅडम, ते मिटलं.’ उरलेल्यांवर मुलंच ठरवायची. पेन्सिल तोडली तर टोक करून द्यायचं, पाणी सांडलं तर पुसायचं.

एक मात्र सांगते. सगळं वहीत घालायचं नसतं. रक्त आलं, कुणी कुणाला जोरात लागेल असं काही केलं, तर तिथल्या तिथे उठायचं. आणि एखादं मूल शेजारी येऊन पदर ओढून कानात काही सांगत असेल, तर हातातला खडू ठेवून ऐकायचं. ती तक्रार कधीच साधी नसते. एक मुलगी रोज शेजारणीच्या वहीत डोकावते म्हणून कितीतरी तक्रारी होत्या, मीही तिला दटावायचे. तिला फळ्यावरचं दिसतच नव्हतं! चष्मा लागल्यावर डोकावणं बंद.

भिंगरीला मी शाळेची घंटा दिली. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा आणि एक लोखंडी गज. घंटा वाजवायची तर घड्याळ कळायला हवं, म्हणून तो घड्याळ शिकला. घंटा वाजवायला दर तासाला बाहेर जायला मिळायचं, म्हणून मधला वेळ बसू लागला. सुधारला असं म्हणणार नाही. चपला पत्र्यावर जायच्याच, फक्त आठवड्यातून एकदा. काही दिवस अगदी वाईट जायचे. मग मला आजीला विचारून कळायचं की कारखान्यावरून यायचा तो फोन आला नव्हता.

फोनवरून आठवलं. फेब्रुवारीत भिंगरीने एक अख्खा धडा, अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचला. मला राहवलं नाही. शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेले. आजीच्या भिंतीवर कोळशाने मुकादमाचा नंबर लिहिलेला होता. लावला. मुकादम म्हणाला, बाया फडात आहेत, सातला लावा. मी थांबले. सातला पुन्हा लावला, त्याची आई फोनवर आली. ‘मी शाळेतली मॅडम बोलतेय,’ म्हटलं तर पलीकडून एकदम, ‘काय झालं माझ्या लेकराला?’ तिला धापच लागली. शाळेतून फोन म्हणजे काहीतरी वाईट. आजवर आम्ही तसेच तर केले होते फोन! मी म्हटलं, ‘काही नाही ओ बाई, त्यानं आज धडा वाचला. ऐका.’ चिमणीच्या उजेडात त्याने पुस्तक मांडीवर घेतलं आणि एका बोटाने ओळ धरून वाचायला लागला. पलीकडून काहीच आवाज नाही. मी दोनदा बघितलं, फोन चालू आहे ना. धडा संपायच्या आत माझा बॅलन्स संपला. तो तरी वाचतच राहिला, शेवटच्या ओळीपर्यंत.

मला घरी पोचायला साडेआठ झाले. ह्यांनी कुकर लावला होता, मुलगी न जेवता झोपली होती. कुणी काही बोललं नाही. न बोललेलंही कळतंच. चांगल्या शिक्षिकेबद्दल लिहिताना हे कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितेय. दिवसभराचा सगळा धीर मी वर्गात खर्च करून यायचे आणि घरच्या वाट्याला रिकामी पिशवी. मुलगी चौथीत असताना मला म्हणाली होती, ‘आई, तू शाळेतल्या मुलांशी हळू बोलतेस, माझ्यावरच ओरडतेस.’ मी म्हटलं, ‘मग लिही वहीत.’ तिने खरंच एक वही केली. आजही ती माझ्या कपाटात आहे. पहिल्या पानावर एकच तक्रार, सात वेळा लिहिलेली.

पुढे माझी बदली झाली. दोन शाळा फिरून 2023 मध्ये परत त्याच वस्तीवर आले. गुरुजी निवृत्त झाले होते, चुलीच्या जागी गॅस आला होता. कागद कमी होऊन मोबाइल आला, पण कामं काही कमी झाली नाहीत. वर्गात कविता रंगात आलेली असते आणि ग्रुपवर ‘माहिती तातडीने पाठवा’ येतं. छडी नाही हे आता कुणाला नवीन नाही. गप्पा मात्र त्याच असतात. ‘कायद्याने हात बांधले,’ असं माझ्याहून लहान शिक्षिका म्हणतात तेव्हा मी त्यांना उपदेश करत नाही. एका वर्गात दोन इयत्ता, मदतीला कुणी नाही आणि वर वेळेत पोचायची माहिती, अशा वेळी हात कसा उठतो ते मला ठाऊक आहे. कायदा लागू झाला एप्रिल 2010 ला. माझा हात थांबला 2011 च्या नोव्हेंबरला.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये, शाळा भरायच्या वेळी दारात ट्रॅक्टर थांबला. वीसेक वर्षांचा पोरगा उतरला, मिशी फुटलेली, गळ्यात रुमाल. ‘ओळखलं का मॅडम?’ हसला तेव्हा ओळखलं. बारावीपर्यंत शिकला म्हणाला. आता ट्रॅक्टर चालवतो. उसाचाच. मला आनंद झाला की वाईट वाटलं, माझं मलाच कळेना. त्याच्याबरोबर चुलतभावाची मुलगी होती, माझ्याच पहिलीत जूनपासून येणारी. रोज आजीबरोबर येते, आज काकाबरोबर.

तो म्हणाला, ‘मॅडम, हिची माय काल रातच्याला गेली. मीच नेऊन सोडली फाट्यावर. थोडे दिवस ही...’ पुढे बोलला नाही. मीही म्हटलं, ‘बरं.’ जाताना लिंबाकडे बघत म्हणाला, ‘घंटा तीच हाय की.’ आणि गज उचलून एक ठोका दिला. पंधरा मिनिटं आधीच! मुलं सैरावैरा पळत रांगेत.

परिपाठ झाला, गोष्ट अर्धी ठेवली, हजेरी झाली. खिचडीच्या सुट्टीत एक मुलगा रडत आला. ‘मॅडम, हिनं माझी चप्पल पत्र्यावर टाकली!’

ती भिंतीला चिकटून उभी होती, दोन्ही हात पाठीमागे. मी वहीचं नाव काढलं नाही. चप्पल पाडायला लांब काठी लागणार होती. तिचा हात धरला आणि आम्ही दोघी काठी शोधायला शाळेच्या मागे गेलो.